सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी

मोबाईलनं खिशातला कॅमेरा संपवला असं मध्यंतरी सगळेच म्हणत होते. तो संपला नाही, महाग मात्र झाला. फुजीफिल्मचा एक्स१००-सहा, रिकोचा जीआर, सोनीचा आरएक्स१००, कॅननचा जी७एक्स ही नावं पुन्हा कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी आली आहेत आणि त्यातली काही लाख रुपयांच्या पुढे गेली आहेत. एवढे पैसे मोजून आणलेल्या यंत्रात पहिल्याच आठवड्यात ‘लेन्स एरर’ झळकलं, फोटोची डावी बाजू सतत धूसर यायला लागली किंवा स्वच्छ आकाशात एक करडा ठिपका ठाण मांडून बसला, की माणूस पहिल्यांदा कस्टमर केअरला फोन लावतो. माझं म्हणणं, फोन सगळ्यात शेवटी करावा.

कारण साधं आहे. फोन उचलणाऱ्यानं तुमचा कॅमेरा बहुधा कधी हातात धरलेला नसतो. त्याच्यासमोर पडद्यावर प्रश्नांची ठरलेली माळ असते: बॅटरी काढून पुन्हा घातली का, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं का, सगळी सेटिंग्ज रिसेट केली का, फर्मवेअर नवीन आहे का. या चार गोष्टी केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, त्याला सरकता येत नाही. म्हणून त्या आधीच उरकून घ्या. कार्ड चांगल्या कंपनीचं आणि खात्रीच्या दुकानातलं असू द्या, बॅटरी कॅमेऱ्यासोबत आलेलीच वापरा. बाजारातली स्वस्त बॅटरी घालून तक्रार नेली, तर बोलणं तिथेच खुंटतं. आणि हे सगळं केल्याची तारखेसकट नोंद ठेवा. पुढे ती फार उपयोगी पडते.

दोष की स्वभाव

तक्रार करण्याआधी एक गोष्ट स्वतःशी नक्की करावी लागते: हा बिघाड आहे की त्या यंत्राची घडणच तशी आहे? दोन्हींतला फरक न कळल्यामुळे कित्येक तक्रारी काउंटरवरच पडतात.

बॅटरीचं घ्या. माहितीपुस्तिकेत ‘एका चार्जिंगमध्ये ३०० फोटो’ लिहिलेलं असतं आणि तुमच्याकडे दोनशेच निघतात. तो आकडा सीपा या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेनं ठरवलेल्या पद्धतीनं मोजलेला असतो. तुम्ही वायफाय चालू ठेवून, मध्येमध्ये व्हिडिओ घेऊन, प्रत्येक फोटो पडद्यावर मोठा करून पाहत असाल तर आकडा घसरणारच. दोनशेचे चाळीस झाले तर मात्र ती तक्रार आहे. फोर-के व्हिडिओ घेताना कॅमेरा तापून बंद पडतो, हेही छोट्या अंगाच्या यंत्रांत नेहमीचं. बऱ्याच पुस्तिकांत वापराचं तापमान शून्य ते चाळीस अंश दिलेलं असतं. मे महिन्यात नागपुरात किंवा चंद्रपुरात दुपारी रस्त्यावर उभं राहून चित्रण केलं की ती मर्यादा तुम्ही आधीच ओलांडलेली असते, आणि कंपनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवते. तापण्याची तक्रार करायची तर पंख्याखाली, सावलीत, खोलीचं तापमान दिसेल अशा रीतीनं पुन्हा करून दाखवा.

रात्री दीर्घ एक्स्पोजर दिल्यावर दिसणारे दोन-चार लाल-निळे ठिपके हाही सेन्सरचा स्वभाव. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत ते मिटवण्यासाठी ‘पिक्सेल मॅपिंग’ असतं, आधी ते करून पाहा. दिवसाउजेडी साध्या फोटोत तेच ठिपके त्याच जागी दिसत असतील तर गोष्ट वेगळी.

लेन्सच्या बाबतीत जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाद तिथेच होतात. छोट्या कॅमेऱ्याच्या झूम लेन्समध्ये काचेचे अनेक तुकडे एकामागे एक सरकत असतात. त्यातला एखादा किंचित तिरका बसला की फोटोची एक बाजू किंवा एक कोपरा धूसर येतो. चारही कोपरे सारखेच थोडे धूसर असतील आणि लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) लहान केल्यावर सुधारत असतील, तर ती लेन्स तशीच आहे, भांडण्यात अर्थ नाही. एकच कोपरा बिघडलेला असेल तर भांडण्यात अर्थ आहे.

हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. दूरची, सपाट दर्शनी भिंत असलेली इमारत निवडा, खिडक्यांचे गज दिसतील अशी. वेळ सकाळची, म्हणजे उन्हाची थरथर नसते. कॅमेरा तिपाईवर ठेवा, थरथर रोखणारी यंत्रणा बंद करा, आयएसओ सगळ्यात कमी, छिद्र सगळ्यात मोठं आणि दोन सेकंदांचा टायमर. झूमच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तीन-तीन फोटो घ्या. आता कॅमेरा उलटा करून, म्हणजे शटरचं बटण खाली येईल असा धरून, तीच इमारत पुन्हा टिपा. दोष लेन्समध्ये असेल तर आधी धूसर आलेला इमारतीचा भाग आता स्वच्छ येईल आणि तिरप्या दिशेचा, समोरासमोरचा भाग धूसर होईल. दोन्ही वेळा इमारतीचा तोच भाग धूसर आला तर लेन्स निर्दोष आहे. तिथे कुणाच्या तरी चुलीचा धूर असेल किंवा ती भिंतच तुमच्यापासून तिरपी असेल. सरळ आणि उलटा अशा दोन फोटोंची ही जोडी इंजिनिअरसमोर ठेवली की त्याच्याकडे बोलायला फारसं उरत नाही.

आता धूळ. ज्या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही त्यांत धूळ जाणारच नाही, असा समज आहे. पण लेन्स बाहेर-आत होताना हवा ओढली जाते, तिच्याबरोबर बारीक कणही जातात आणि सेन्सरवर बसतात. लेन्स निघत नसल्यामुळे ते घरी पुसताही येत नाहीत. पाहण्याची रीत अशी: छिद्र सगळ्यात लहान करा, फोकस हातानं विस्कटून टाका आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. कडा विरघळलेले करडे गोल दर फोटोत त्याच जागी दिसले तर ती धूळ. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ अशी दिसत नाही.

धूळ वॉरंटीत बसते का? कंपन्या बहुतेक वेळा नाही म्हणतात. ‘तुम्ही कुठे वापरला ते आम्हाला काय माहीत?’ हा त्यांचा प्रश्न आणि तो अगदीच गैरलागू नाही. त्यावर उपाय एकच: कॅमेरा घरी आणल्याच्या दिवशी आकाशाचा हा फोटो काढून ठेवायचा. त्या दिवशीच ठिपका असेल तर तो कारखान्यातूनच आला. नसेल आणि तीन आठवड्यांनी अनेक ठिपके उमटले, तर निदान किती दिवसांत काय झालं हे तुम्हाला तारखेनं सांगता येतं. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, वेळ, छिद्र, शटर हे सगळं नोंदलेलं असतं. म्हणून मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही नोंद पुसली जाते. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर मेलला जोडा. आणि सगळ्यात आधी कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर लावा. २०१८ सालची तारीख दाखवणारा पुरावा कोण मानेल?

सगळ्यात छळणारा दोष म्हणजे मध्येच होणारा आणि मध्येच न होणारा. लेन्स दहा वेळा नीट उघडते, अकराव्यांदा अर्धी बाहेर येऊन कुरकुरते आणि अडकते. सर्व्हिस सेंटरमध्ये नेलं की शहाण्या मुलासारखी वागते. इंजिनिअर पाच वेळा चालू-बंद करतो आणि कागदावर ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून परत देतो. अशा वेळी मोबाईलवर व्हिडिओ घ्या. त्यात कॅमेऱ्याच्या तळाचा अनुक्रमांक आधी दिसू द्या, मग न थांबता दोष दिसू द्या आणि लेन्सचा आवाजही ऐकू येऊ द्या. मध्ये काटछाट केलेला व्हिडिओ निरुपयोगी.

जाता जाता: समुद्रावरची वाळू. हरिहरेश्वरला किंवा मिरामारला कॅमेरा वाळूत टेकला असेल आणि मग लेन्स अडकली असेल तर वॉरंटी विसरा. नळ्यांच्या फटीत वाळूचा एक कण सापडला तरी प्रकरण ‘वापरकर्त्यामुळे झालेलं नुकसान’ या खात्यात जातं, आणि बहुतेक वेळा ते रास्तही असतं.

आधी दुकानदार

कॅमेरा घेऊन थोडेच दिवस झाले असतील तर उत्पादकाकडे धावण्याआधी विकणाऱ्याला गाठा. नवा कॅमेरा बदलून मिळणं आणि नवा कॅमेरा दुरुस्त होऊन मिळणं यांत मोठा फरक आहे, आणि बदलून मिळण्याची खरी संधी पहिल्या दिवसांतच असते. दुकानदार हमखास म्हणतो, ‘साहेब, आता कंपनी बघेल.’ बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असंही छापलेलं असतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे वाक्य शांतपणे, शक्यतो लिहून, दुकानदारासमोर ठेवा. बरेच दुकानदार त्यानंतर सर्व्हिस सेंटरकडून ‘डीओए’ चं पत्र आणायला सांगतात. वस्तू डब्यातूनच बिघडलेली निघाली, असा त्या पत्राचा अर्थ. ते पत्र मिळवणं हेच मग पहिलं काम.

ऑनलाइन घेतला असेल तर बदलून घेण्याची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि दर वस्तूला वेगळी. खरेदीच्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण पान नंतर बदलतं. डबा उघडतानाचा व्हिडिओ मला पूर्वी हास्यास्पद वाटायचा, आता वाटत नाही. मात्र तो सील दिसण्यापासून अनुक्रमांक दिसेपर्यंत सलग हवा. ई-कॉमर्ससाठीचे २०२० चे नियम सांगतात की तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात ती निकाली काढावी. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. चॅटवरच्या यंत्रमानवाशी तासभर बोलण्यापेक्षा त्या पत्त्यावर एक मेल बरा.

डब्यावरची चिठ्ठी पाहिलीत का? परदेशी बनावटीच्या वस्तूच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणं भारतात सक्तीचं आहे. ती चिठ्ठी नसेल तर कॅमेरा ‘ग्रे’ मालातला असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून आलेला. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराच्या गल्ल्यांत अधिकृत मालही मिळतो आणि हाही मिळतो. भावातला फरक ऐकूनच ओळखू येतो. असा कॅमेरा घेतला तर भारतातली कंपनी वॉरंटीत हात लावत नाही. दुबईहून मामेभावानं किंवा अमेरिकेतून मुलीनं आणलेल्या कॅमेऱ्याचंही बहुधा हेच होतं, कारण छोट्या कॅमेऱ्यांची वॉरंटी साधारणपणे ज्या देशात विकला त्या देशापुरती असते. तेव्हा मुलगी परत जाताना तिच्याबरोबर कॅमेरा आणि तिकडचं बिल दोन्ही द्या, तिकडच्या केंद्रात काम होईल. ग्रे माल विकणाऱ्या दुकानदाराची जबाबदारी मात्र त्यामुळे संपत नाही. सदोष वस्तू विकल्याचा हिशोब त्याला द्यावाच लागतो, मात्र त्यासाठी पक्कं बिल हवं. दोन हजार वाचवायला बिल सोडलं असेल तर पुढचा सगळा लेख तुमच्या कामाचा नाही.

जॉबशीट

आता सर्व्हिस सेंटर. आधी एक चौकशी करा: जवळचं ठिकाण खरं दुरुस्ती केंद्र आहे की नुसतं माल गोळा करायचं. साताऱ्यात किंवा अकोल्यात दिलेला कॅमेरा बहुधा पुण्याला किंवा मुंबईला जातो, तिथून कधी उत्तरेकडे. मधल्या प्रत्येक टप्प्यावर तुमचं तोंडी बोलणं गळत जातं. शेवटी इंजिनिअरच्या टेबलावर पोचतात दोनच गोष्टी, कॅमेरा आणि जॉबशीट.

म्हणून काउंटरवरची ती पाच मिनिटं मोलाची. तुम्ही अर्धा तास सगळं समजावून सांगता, समोरची मुलगी मान डोलावते आणि तक्रारीच्या रकान्यात टाइप करते: ‘लेन्स प्रॉब्लेम’. झालं. आठ दिवसांनी इंजिनिअर लेन्स आत-बाहेर करून बघतो, ती चालते, आणि कॅमेरा ‘ओके’ होऊन परत येतो. तिच्यात वाईट हेतू काही नसतो, तो रकानाच तेवढा असतो. तेव्हा अर्ध्या पानावर तक्रार छापून न्या, जॉबशीटवर ‘सोबत ग्राहकाचं पत्र’ एवढं लिहून घ्या आणि पत्र स्टेपल करायला लावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या.

त्या पत्रात राग नको, इतिहासही नको. साधारण असं:

‘झूमच्या रुंद टोकाला, एफ २.८ वर, फोटोचा उजवा खालचा कोपरा धूसर येतो. इतर तीन कोपरे स्वच्छ आहेत. कॅमेरा उलटा धरून काढलेल्या फोटोत धूसरपणा इमारतीच्या विरुद्ध भागावर जातो. फर्मवेअर ताजं आहे, रिसेट केलं आहे, मूळ बॅटरी वापरली आहे. सोबतच्या कार्डवर सहा मूळ फोटो आहेत. लेन्सची जुळणी तपासून दुरुस्त करावी किंवा लेन्स बदलावी, आणि काम झाल्यावर त्याच सेटिंगवरचा फोटो दाखवावा.’

शेवटचं वाक्य विसरू नका. काय हवंय ते मागितलंच नाही तर जे मिळेल ते गोड मानून घ्यावं लागतं. सोबतचं कार्ड वेगळं, छोटं आणि फक्त या फोटोंचं असावं. मुलीच्या बारशाच्या फोटोंसकट कार्ड देऊ नका.

जॉबशीटवर आणखी एक रकाना असतो, बाह्य अवस्थेचा. तिथे काउंटरवाले सवयीनं ‘स्क्रॅचेस’ लिहितात. कॅमेरा नवाकोरा असेल तर ते खोडायला लावा आणि ‘ओरखडे, पोचे नाहीत’ असं लिहून घ्या. कॅमेरा त्यांच्या हातात देण्याआधी सहाही बाजूंचे फोटो मोबाईलवर काढा, शक्यतो त्यांच्याच टेबलावर, त्यांच्यादेखत. याचं कारण पुढे आहे.

वॉरंटीतला कॅमेरा देऊन चार दिवस झाले की कधीकधी फोन येतो: ‘सर, आत पाणी गेलंय, एस्टिमेट बावीस हजार.’ किंवा ‘कॅमेरा पडलेला आहे.’ इथे बहुतेक लोक एकतर ओरडतात किंवा गुपचूप पैसे भरतात. तिसरा मार्ग असा की फोनवर हो-नाही काहीच न म्हणता तपासणीचा लेखी अहवाल आणि उघडलेल्या कॅमेऱ्याचे फोटो मेलवर मागायचे. नेमका कुठला भाग गंजला, आघात कुठे झाला, ते दाखवा म्हणायचं. खरंच पाणी गेलं असेल तर फोटोत हिरवट-पांढरट खुणा दिसतात आणि तुम्हाला मान्य करावं लागतं. नसेल तर अहवाल यायला वेळ लागतो आणि एस्टिमेट हळूच खाली येतं. पोचा पडल्याचं म्हणणं असेल तर काउंटरवर काढलेले ते सहा फोटो पाठवा. लग्नकार्य तोंडावर आहे, कॅमेरा हवाच, अशा वेळी पैसे भरावे लागले तर पावतीवर आणि मेलमध्ये ‘हक्क राखून, निषेधासह’ असं लिहून भरा. नुसते भरलेत तर तुम्ही दोष मान्य केलात असा अर्थ पुढे काढला जातो.

एक पथ्य: वॉरंटी चालू असताना गल्लीतल्या ओळखीच्या कारागिराला कॅमेरा उघडू देऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. त्याचं मत हवं असेल तर न उघडता, लेटरहेडवर लिहून घ्या.

इतरांनाही हाच त्रास असेल तर

आपल्या कॅमेऱ्याचा दोष एकट्याचा आहे की त्या मॉडेलचाच, हे शोधण्यात अर्धा तास घालवावा. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘सर्व्हिस ॲडव्हायझरी’ नावाचा विभाग असतो, तो कुणी उघडत नाही. त्यात तुमचं मॉडेल आणि अनुक्रमांकाची मालिका सापडली तर वॉरंटी संपलेली असूनही काम फुकट होऊ शकतं.

याची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये असं बाहेर आलं की सोनीनं बनवलेले काही सीसीडी सेन्सर गरम आणि दमट हवेत निकामी होतात. पडद्यावर चित्र वेडंवाकडं होतं किंवा उमटतच नाही. ते सेन्सर सोनीबरोबरच कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस अशा कितीतरी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते. कॅननच्या पॉवरशॉट ए७० आणि ए७५ सारखे घराघरांतले कॅमेरे त्यात आले. कंपन्यांनी वॉरंटीची मुदत न पाहता मोफत दुरुस्ती जाहीर केली. कोकणात, गोव्यात जूनमध्ये बंद पडलेल्या कॅमेऱ्याला ‘पावसात भिजवला असेल’ म्हणणं किती सोपं होतं, याची कल्पना करून बघा.

दुसरं उदाहरण फुजीफिल्मच्या एक्स१० चं. २०११ च्या शेवटी आलेल्या या कॅमेऱ्यात दिव्यांच्या, चकाकणाऱ्या बिंदूंच्या जागी कडक कडांच्या पांढऱ्या तबकड्या उमटायच्या. कंपनीनं आधी फर्मवेअर दिलं. त्यानं पुरतं भागलं नाही. वापरणाऱ्यांनी नमुना-फोटो दाखवत पाठपुरावा सोडला नाही आणि २०१२ मध्येच कंपनीनं सुधारित सेन्सर आणला, तक्रारदारांच्या कॅमेऱ्यांत तो फुकट बसवून दिला. ‘हे असंच असतं’ या उत्तरावर ते लोक थांबले असते तर ते तसंच राहिलं असतं.

पाठपुरावा लेखी करा. फोन केलात तरी त्याच दिवशी मेल टाका: ‘आज सकाळी अकराला झालेल्या बोलण्यानुसार आपण १२ तारखेपर्यंत पार्ट येईल असं सांगितलंत.’ विषयाच्या ओळीत जॉब नंबर, दर वेळी तोच धागा, दर वेळी एकच मागणी. ‘पार्ट पेंडिंग’ हे उत्तर आठवडेच्या आठवडे येत राहतं, म्हणून तारीख मागा आणि ती उलटली की वरच्या माणसाला प्रत टाका. त्याच दोषासाठी कॅमेरा दुसऱ्यांदा आत गेला की मागणी बदला. आता दुरुस्ती नको, बदलून द्या. वॉरंटी कार्डावर ‘दुरुस्ती की बदल हे कंपनी ठरवेल’ असं असतं, तरी मागायला कुणी बंदी केलेली नाही. वरच्या पातळीवर पोचलेली, नीट लावलेली फाइल पाहून कंपन्या बदलून देतात, असा माझा अनुभव आहे. समाजमाध्यमांवर टाकलेल्या तक्रारीला उत्तर लवकर येतं खरं, पण ते ‘कृपया आम्हाला खासगीत नंबर पाठवा’ यापुढे फार जात नाही. टाकायचं तर नेमक्या तारखा आणि जॉब नंबर टाका. ‘चोर’ वगैरे शब्द टाळा, कारण ते तुमच्यावरच उलटतात.

१९१५ आणि त्यानंतर

मेलांना उत्तर येत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि पाठपुरावा होतो. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही, तरी कंपनीत ही तक्रार नेहमीच्या काउंटरऐवजी वेगळ्या टेबलावर जाते आणि पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आणि पुण्यात बिंदुमाधव जोशींनी उभी केलेली ग्राहक पंचायत त्याच सुमारापासून लोकांना मार्ग दाखवत आली आहे. तुमच्या तालुक्याच्या गावात त्यांचा कार्यकर्ता असेल तर त्याला कागद दाखवा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात ‘वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात’ असं छापलेलं असतं आणि बऱ्याच कॅमेरा कंपन्यांची भारतातली मुख्य कार्यालयं गुरुग्रामला आहेत. ते वाचून लोक खचतात. खचू नका. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. सांगलीचा माणूस सांगलीत दाखल करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती या संकेतस्थळावर घरबसल्या दाखल करता येतं. दोष उद्भवल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलायला, किंमत परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने, वस्तूची तपासणी लागली तर पाच महिने अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त धरून चला.

तक्रारीत दोन गोष्टी वेगळ्या मांडा. कॅमेरा बिघडलेला निघाला हा वस्तूतला दोष, आणि तीन महिने ‘पार्ट पेंडिंग’ म्हणत ठेवून घेतला ही सेवेतली त्रुटी. विकणारा आणि उत्पादक किंवा आयातदार, दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याआधी आयातदाराच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टानं पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. कित्येक प्रकरणं त्या पाकिटावरच मिटतात.

लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरत असलेल्याला मात्र सूट आहे. तुमचं बिल स्टुडिओच्या जीएसटी नंबरावर असेल आणि पदरी चार मुलं कामाला असतील तर समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढणार. तक्रारीत ‘मी स्वतः हा कॅमेरा वापरतो, हेच माझं उपजीविकेचं साधन आहे’ हे पहिल्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

समजा एवढं लांबलं नाही, कॅमेरा दुरुस्त होऊन आला. तो घ्यायला कुरिअरची वाट न पाहता शक्य असेल तर स्वतः जा, आणि सोबत आपलं कार्ड, चार्ज केलेली बॅटरी न्या. काउंटरवाले ‘समाधानकारक’ लिहिलेल्या ओळीवर सही मागतात. सही आधी करू नका. दाराबाहेर जाऊन समोरच्या इमारतीचा, त्याच सेटिंगवर, एकदा सरळ आणि एकदा उलटा फोटो काढा, आकाशाचा एक काढा आणि तिथल्याच संगणकावर पूर्ण मोठा करून बघा. लेन्स बदलताना धूळ आत गेलेली असू शकते, तीही आत्ताच दिसेल. कुठला भाग बदलला त्याचं नाव जॉबशीटवर लिहून घ्या आणि बदललेल्या भागाची वॉरंटी कधीपर्यंत, तेही. कॅमेराच बदलून दिला असेल तर नवा अनुक्रमांक जुन्या बिलाला जोडणारं पत्र मागा. ते नसेल तर सहा महिन्यांनी पुढचा बिघाड झाला की पहिला प्रश्न येतो: ‘हा नंबर तुमच्या बिलावर नाही.’